एक जूनची कबुली

दरवर्षी एक जून उजाडला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॅप गटांवर शुभेच्छांचा पूर येतो. सरपंच, तलाठी, गुरुजी, एसटीतले कंडक्टर, बँकेतले शिपाई, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. विनोद जुना आहे आणि त्यामागचे कारणही सर्वांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई. पहिलीत घालायला सहा वर्षे पूर्ण लागत. जन्माचा दाखला बहुतेक घरांत नसे. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ किंवा ‘दुष्काळाच्या साली झाला’ एवढेच आईला सांगता येई. गुरुजी पोराला डोक्यावरून हात न्यायला लावून पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगे सहा वर्षांचे. मग जनरल रजिस्टरात नाव, धर्म, जात आणि पुढे ‘१ जून’.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात या तारखेला विनोदापलीकडची बाजू आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. त्या सहा महिन्यांत कुणाचे मूल उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जन्मते, तर कुणाचे वाटेत. त्याची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने करायची, जिथे जन्मले तिथल्या की जिथे आई-बाप मतदार आहेत तिथल्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नोंद राहून जाते. सहा वर्षांनी गुरुजींची लेखणी ती पोकळी भरून काढते.

ही तारीख मुलाबरोबर आयुष्यभर चालते. दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, नोकरी, निवृत्ती, सगळीकडे तीच. बहुतेक ठिकाणी तिने कुणाचे फारसे बिघडत नाही. मात्र एका जागी ती अडते, आणि ती जागा म्हणजे खेळाचे मैदान. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील अशा गटांत खेळायचे तर वय हाच पहिला नियम. तिथे चुकीची तारीख घेऊन उतरणारा मुलगा नियम मोडत असतो. त्याला हे ठाऊक असेलही, नसेलही. ठाऊक असेल तर त्याने ते सांगावे का, कुणाला सांगावे आणि सांगितल्यावर त्याचे काय व्हावे? आपल्या खेळव्यवस्थेने या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा शोधायला घेतले. ते समजून घेण्यासाठी आधी खेळातल्या कबुलीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

दोन आवडत्या गोष्टी

मैदानावरच्या प्रामाणिकपणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था पाच बाद ५८ अशी होती. त्यानंतर कपिल देवच्या चेंडूवर पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता अशी कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथची खात्री होती. त्याने पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. इंग्लंडने २९६ धावा केल्या आणि सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथच्या कारकिर्दीतल्या शतकांइतकाच हा प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला.

दुसरी गोष्ट परदेशातली. १९२५ च्या अमेरिकन खुल्या गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स फटक्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला. हे त्याच्याशिवाय कुणीच पाहिले नव्हते. त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर त्याची आणि विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड नसता तर निर्णायक फेऱ्यांची वेळच आली नसती.

दोन्ही गोष्टी सुंदर आहेत. मात्र दोन्हींमध्ये एक मोठा माणूस आहे आणि त्याने मोठी किंमत मोजली आहे. असल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला वाटते की खरे सांगणे हे असामान्य माणसाचे काम आहे. शिवाय या दोघांच्याही हाती मैदानातल्या मैदानात निकाली निघणारी बाब होती. एक अपील, एक फटका. विश्वनाथला दुसऱ्या दिवशी कुठल्या कार्यालयात खुलासा द्यावा लागला नाही. महाविद्यालयीन खेळातला नियमभंग असा नसतो. तो अर्जात, हजेरीपटात, भत्त्याच्या पावतीत आणि प्रवेशाच्या तारखेत दडलेला असतो, आणि त्यावर खेळाडूखेरीज प्रशिक्षकाची, क्रीडा संचालकाची आणि प्राचार्यांची सही असते. तिथे एकट्याच्या सद्गुणावर विसंबून चालत नाही.

पावणेचार डॉलरचा पास्ता

अशा कागदोपत्री चुकांसाठी आपण होऊन कळवण्याची सर्वांत विस्तृत व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली. तिथले महाविद्यालयीन खेळ १९०६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘एनसीएए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेच्या नियमांनी चालतात. अकराशेच्या आसपास संस्था तिच्या सदस्य आहेत. खेळाडूला फोन कधी करावा, भेट काय द्यावी, सराव किती तास घ्यावा, या सगळ्याची नियमपुस्तिका शेकडो पानांची आहे. एवढे नियम असले की ते मोडणारच. प्रत्येक मैदानावर निरीक्षक नेमणे कुणालाच शक्य नाही. म्हणून संघटनेने सदस्य संस्थांवरच जबाबदारी टाकली. आपल्याकडे नियमभंग झाला असे दिसले, तर संस्थेने स्वतः चौकशी करायची, स्वतः कळवायचे आणि बहुतेकदा शिक्षाही स्वतःच सुचवायची.

पूर्वी तिथे ‘गंभीर’ आणि ‘दुय्यम’ असे नियमभंगाचे दोनच प्रकार होते. ऑगस्ट २०१३ पासून त्यांची अधिक बारीक श्रेणी लावली गेली. तिसऱ्या श्रेणीत एकटदुकट घडलेल्या आणि ज्यातून फारसा फायदा मिळत नाही अशा चुका येतात. प्रशिक्षकाने ठरलेल्या काळाबाहेर एखाद्या शाळकरी खेळाडूला संदेश पाठवला, कुणाला चुकून एक जादा टी-शर्ट दिला गेला, अशा स्वरूपाच्या. असे हजारो अहवाल दरवर्षी संस्था स्वतःहून पाठवतात. शिक्षाही त्याच मापाची असते. काही दिवस फोन बंद, वस्तूची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेला, प्रशिक्षकाला नियमांची उजळणी.

या पद्धतीची थट्टाही पुष्कळ झाली. २०१४ च्या सुरुवातीला ओक्लाहोमा विद्यापीठाचा एक अहवाल गाजला. पदवीच्या मेजवानीत तीन खेळाडूंना ठरल्यापेक्षा जास्त पास्ता वाढला गेला, असे विद्यापीठाने स्वतः नोंदवले होते. प्रत्येकाने ३.८३ डॉलर दान करून त्याची भरपाई केली. देशभर हसे झाल्यावर संघटनेने हा नियमभंगच नव्हता असे सांगून टाकले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढून टाकण्याचा निर्णय झाला.

हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण तिच्यात एक शिकण्यासारखा धागा आहे. खेळाडूंच्या खाण्याबद्दलच्या तक्रारी आणि असे अहवाल डोळ्यांसमोर आल्यामुळेच तो नियम किती निरर्थक आहे ते उघड झाले. पास्त्याची गोष्ट लपवली असती तर नियमही टिकला असता आणि तो मोडणेही चालू राहिले असते. एकच चूक पुन्हा पुन्हा कळवली जाते तेव्हा चुकणाऱ्यांपेक्षा नियमाकडे पाहण्याची वेळ आलेली असते. कबुलीचा हा उपयोग आपण फारसा लक्षात घेत नाही. कबुली म्हणजे गुन्हेगाराची शरणागती एवढेच आपल्याला दिसते. नियम करणाऱ्याला मिळणारी ती बातमीही असते.

लपवण्याची किंमत

या व्यवस्थेचा दुसरा खांब म्हणजे चुकीपेक्षा लपवणे महाग पडले पाहिजे. ओहायो राज्य विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जिम ट्रेसल यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. आपल्या काही खेळाडूंनी पदके आणि संघाच्या वस्तू विकून किंवा त्यांच्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतल्याचे त्यांना एप्रिल २०१० मध्ये ई-मेलवरून समजले होते. त्यांनी ते विद्यापीठाला कळवले नाही. उलट सप्टेंबरमध्ये, आपल्याला कोणताही नियमभंग ठाऊक नाही, अशा अर्थाच्या नेहमीच्या वार्षिक पत्रकावर सही केली. प्रकरण बाहेर आल्यावर खेळाडूंना पाच सामन्यांची बंदी झाली. ट्रेसल यांना मे २०११ मध्ये पद सोडावे लागले, आणि पुढे पाच वर्षे कोणत्याही महाविद्यालयाने त्यांना नेमताना संघटनेपुढे कारण द्यावे, असा निर्बंध लागला. खेळाडूंची चूक काही सामन्यांत फिटली, प्रशिक्षकाची मात्र फिटली नाही. शिक्षेतला हा फरक पाहूनच पुढचा प्रशिक्षक फोन उचलतो आणि कळवतो.

व्यवस्था निर्दोष आहे असे अर्थातच नाही. छोटे शंभर अहवाल पाठवायचे आणि मोठी गोष्ट त्यांच्याआड ठेवायची, असा आरोप तिथल्या श्रीमंत विद्यापीठांवर होतच असतो. नियम तपासणारे वेगळे कार्यालय त्यांना परवडते, छोट्या महाविद्यालयाला परवडत नाही. तरीही तीन गोष्टी घेण्यासारख्या उरतात. लहान आणि मोठ्या चुकीत कागदावर फरक असावा. कळवण्याचे काम एकट्या खेळाडूवर न सोडता संस्थेवर असावे. आणि कळवलेल्याची नोंद उघड असावी. तिथली वृत्तपत्रे सरकारी विद्यापीठांचे असे अहवाल कायद्याने मागून छापतात. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ पासून आहे.

झाकली मूठ

आता आपल्याकडे येऊ. समजा, युसूफ वडगावचा एक मुलगा अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकतो आणि कबड्डी खेळतो. त्याच्यापुढची वाट ठरलेली आहे. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मग १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संघ. त्यातून राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव, पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही. प्रत्येक पायरीवर पात्रतेचा अर्ज. वय, बारावी झाल्याचे वर्ष, सध्याचा वर्ग, यापूर्वी किती वर्षे खेळला, कोणत्या विद्यापीठाकडून खेळला.

यातल्या कुठल्याही रकान्यात चूक होऊ शकते, आणि ती नंतर लक्षात आली तर काय? अपात्र खेळाडू उतरवला म्हणून संघ बाद होतो. सुक्याबरोबर ओलेही जळते. बारा जणांचे वर्ष जाते, महाविद्यालयाचे नाव जाते. म्हणून चूक ध्यानात आलेला क्रीडा संचालक गप्प बसतो आणि प्रतिस्पर्धी संघ मात्र तक्रारीसाठी उपांत्य फेरीपर्यंत थांबतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या क्रीडाव्यवस्थेने नियमासारखी पाळली आहे. यात कुणा एकाचा लबाड स्वभाव शोधण्यात अर्थ नाही. जिथे चुकीला दोनच भाव आहेत, एक तर शून्य नाही तर सर्वस्व, तिथे शहाणा माणूस मूठ उघडत नाही.

त्यात आपल्याकडे खेळाचे प्रमाणपत्र नुसते कपाटात ठेवायचे नसते. त्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ऊस तोडणाऱ्या घरातल्या मुलाला ते प्रमाणपत्र म्हणजे कोयता खाली ठेवण्याची एक संधी असते. याच आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे तयार करणाऱ्यांची प्रकरणेही राज्याने पाहिली आहेत. कधीच न खेळलेल्या स्पर्धेचा कागद विकत घेणारा आणि गुरुजींनी लिहिलेली तारीख घेऊन मैदानात घाम गाळणारा, या दोघांना एकाच तागडीत घालणे हा अन्याय आहे. पण नियमात लहान-मोठे असा फरक नसेल तर तागडी एकच राहते.

बोर्डाची खिडकी

वयाच्या प्रश्नावर हा फरक करण्याचा ठळक प्रयत्न भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने केला. १ डिसेंबर २०१५ रोजी पतौडी स्मृतिव्याख्यानात राहुल द्रविडने वयचोरीवर कडक शब्दांत टीका केली होती. त्याचे म्हणणे असे, की खोटे वय लावून मुलाला पुढे ढकलणारे पालक आणि प्रशिक्षक त्याला लबाडीचाच धडा देतात, आणि खऱ्या वयाचा गुणी मुलगा मागे पडतो. मंडळ तेव्हा मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवर भर देत होते. ‘टीडब्ल्यू-थ्री’ नावाच्या या पद्धतीत हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. मात्र हाडाचे वय आणि जन्माचे वय नेहमी जुळतेच असे नाही, आणि मुलगा साडेसोळाच्या पुढे गेला की हाडांची वाढ पूर्ण झालेली असल्याने पद्धतीचा उपयोगच संपतो. म्हणजे महाविद्यालयात पोचलेल्या खेळाडूपुढे यंत्र हात टेकते. तिथे खरे वय फक्त तो, त्याचे घर आणि एखादे जुने रजिस्टर सांगू शकते.

ऑगस्ट २०२० मध्ये मंडळाने खिडकी उघडली. ज्या खेळाडूने पूर्वी खोटी कागदपत्रे देऊन जन्मतारीख बदलली असेल, त्याने १५ सप्टेंबर २०२० पर्यंत स्वाक्षरीचे पत्र किंवा ई-मेल आणि पुरावे मंडळाच्या वय पडताळणी विभागाकडे पाठवावेत. त्याच्यावर बंदी येणार नाही, खऱ्या वयाच्या गटात खेळता येईल. जो सांगणार नाही आणि पकडला जाईल, त्याला दोन वर्षांची बंदी आणि त्यानंतरही वयोगटाच्या स्पर्धांचे दार बंद. रहिवासाबद्दलच्या फसवणुकीला मात्र ही सवलत ठेवली नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेही २०१० च्या वयचोरीविरोधी संहितेचा नवा मसुदा मार्च २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यात खरे वय आपण होऊन सांगणाऱ्यांसाठी एकदाच, सहा महिन्यांची मुदत सुचवली होती.

दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. तरी त्यांत एक उणीव राहते. ही खिडकी एकदा उघडते आणि मिटते. फडावरून परतलेल्या मुलाला ती उघडली होती हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते. अमेरिकी पद्धतीतली कबुली बारमाही आहे. चूक आज कळली तर आज कळवायची. दुसरे असे की खिडकीत उभे राहायचे ते खेळाडूने, एकट्याने. तारीख लिहिणारी शाळा, दाखला पुढे पाठवणारे महाविद्यालय आणि सही करणारा अधिकारी यांच्यापैकी कुणालाच कबुली द्यावी लागत नाही.

तारीख कुणाची?

समजा, या सगळ्यावर मात करून आपल्या मुलाने खरे सांगायचे ठरवले. शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत, वरिष्ठांच्या परवानगीने जन्मतारखेची दुरुस्ती मागता येते. शाळा सोडल्यावर ती वाट जवळपास बंद होते. म्हणजे खेळात खरे वय सांगितले तरी दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनेच राहणार. एकाच माणसाची दोन वये झाली की खरे बोलणाराच संशयित ठरतो. खेळाच्या नियमपुस्तकाने कितीही उदार सवलत दिली तरी महसूल, शिक्षण आणि आरोग्य खात्यांचे कागद तिला साथ देत नाहीत, तोवर ती अपुरीच पडते.

आणखी एक बाजू सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एक जूनची चूक नेहमी खेळाडूच्या फायद्याचीच असते असे नाही. पाच वर्षांच्या पोराला सहाचे दाखवून पहिलीत बसवले, तर कागदावर ते वर्षाने मोठे होते आणि शाळेची सगळी वर्षे आपल्याहून थोराड पोरांशी भिडत राहते. अशा मुलांनी मैदान सोडले तर त्याची नोंद कुठल्याच वयचोरीच्या हिशेबात होत नाही. वयोगटांच्या या चाळणीतून गळालेले किती असतील हे कुणी मोजलेले नाही. याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे क्रॉस-कंट्री धावू लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले. तो घडला तो वयोगटाच्या शिडीवर नव्हे. ती शिडी चुकलेल्या प्रत्येकाला सैन्याचे मैदान मिळतेच असे नाही.

उपाय फार मोठे नाहीत. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने पात्रतेच्या चुकांची श्रेणी लावावी: कारकुनी चूक, वारशाने आलेली चूक आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक. पहिल्या दोन्हींसाठी हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि हंगामातही कळवण्याची सोय असावी. ते कळवण्याचे काम महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकाचे असावे आणि कळवले म्हणून संघ बाद होऊ नये. खेळाडू तेवढा बाजूला व्हावा, किंवा योग्य गटात जावा. वर्षाअखेर किती चुका कळवल्या गेल्या याची यादी, खेळाडूंची नावे वगळून, प्रसिद्ध व्हावी. त्या यादीत एकच चूक शंभरदा आली तर विद्यापीठाला आपोआप कळेल की दुरुस्ती कुठे हवी.

तसे पाहिले तर ती यादी आपल्याकडे कधीची तयार आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. पानामागून पान, एकाखाली एक, १ जून, १ जून, १ जून. एका वर्गातली इतकी मुले एकाच दिवशी जन्मली नाहीत, हे त्या पानाला लपवायचेच नाही. रजिस्टर सत्तर वर्षे कबुली देत बसले आहे. ती ऐकून घ्यायला कुणी नव्हते, एवढेच.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आधार राहील. ती मुले या दशकाच्या अखेरीस पहिलीत येतील आणि एक जूनचा सार्वजनिक वाढदिवस हळूहळू इतिहासजमा होईल. अट एकच. दाखला असला पाहिजे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा केज तालुक्यातून टोळ्या निघालेल्या असतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजरीची पोती, शेळ्या, म्हातारी माणसे आणि पोरे. त्यांतल्या एखाद्या बाईला दिवस गेलेले असतील. तिचे मूल पौषात किंवा माघात कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत जन्मेल. त्या दिवशी तिथल्या ग्रामसेवकाने एक ओळ लिहिली, तर अठरा वर्षांनी त्या मुलाला मैदानावर कबूल करण्यासारखे काही उरणार नाही.